सातबाऱ्यावरचं कंसातलं नाव

ज्या रविवारी पप्पांनी मोठ्या काकांचा हात मोडला, त्या रविवारी माझा अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मदतीचा फॉर्म अर्धा भरून झाला होता. मारामारी त्या फॉर्ममुळंच झाली, असं आई पुढं कित्येक महिने म्हणायची. तेव्हा मला ते पटायचं. आता पटत नाही. पण फॉर्म भरायला घेतला नसता तर तो रविवार इतर रविवारांसारखाच गेला असता, हेही खरं आहे.

आमचं घर चिकलठाण्याला, जुन्या कारखान्यांच्या मागच्या वस्तीत. पप्पा एका कारखान्यात फिटर होते. मशीनच्या नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की पट्टा सैल झालाय, हे ते उभ्या उभ्या सांगायचे. तोच हात घरात उठायचा. रोज नाही. महिना महिना काहीच नसायचं, आणि मग भाजीत मीठ जास्त पडलं किंवा शेजाऱ्यानं दारात गाडी लावली, असल्या कशावरून तरी ताट भिंतीवर जायचं आणि आईच्या पाठीत बुक्का बसायचा. मला त्यांनी तोवर दोनदाच मारलं होतं. आई त्याला माझं नशीब म्हणायची.

अमेरिकेचं डोक्यात घातलं मॅडमनी. त्या इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका, शहराच्या छावणी भागात एकट्या राहायच्या. अकरावीपासून मी त्यांच्याकडं शिकायला जायचे. तिकडची काही कॉलेजं परवडत नसलेल्या परदेशी मुलांचा राहण्या-जेवणासकट सगळा भार उचलतात, हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. लगेच हेही सांगितलं की अशा जागा मोजक्या असतात, जगभरातली हुशार मुलं त्यांच्यामागं असतात, आणि मदत मागितली की निवड आणखी अवघड होते. शिवाय मदत नुसती मागून चालत नाही. आपल्याला ती लागते हे दाखवून द्यावं लागतं. घर कुणाच्या नावावर, वडिलांचा पगार किती, आई काय करते, शेती आहे का, असली तर कुठं आणि किती, सगळं लिहायचं. मॅडम म्हणाल्या होत्या, सोयरीक करताना विचारत नाहीत तेवढं हे लोक विचारतात.

पप्पांना सुरुवातीला हे सगळं फार आवडलं. पोरगी अमेरिकेला जाणार, असं त्यांनी कारखान्याच्या गेटवरच्या चहावाल्यापासून सगळ्यांना सांगून टाकलं. देवगाव रंगारीला आमची चार एकर जमीन होती. म्हणजे आहे असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. कसायचे मोठे काका, पप्पांचे थोरले भाऊ. पप्पा म्हणायचे, माझ्या वाट्याची चार एकरं आहेत तिथं, वेळ पडली तर विकीन पण पोरीला पाठवीन. हे वाक्य ते पाहुण्यांसमोर जरा मोठ्यानं म्हणायचे.

मी फॉर्ममध्ये चार एकर लिहिले. मॅडम म्हणाल्या, नुसतं लिहून भागणार नाही, उद्या कागद मागतील, सातबारा काढून ठेव. सातबारा आता मोबाइलवरही निघतो. शनिवारी संध्याकाळी मी गट नंबर टाकून तो काढला. मालकाच्या रकान्यात एकट्या काकांचं नाव होतं. पप्पांचं नाव होतं, पण कंसात. सातबाऱ्यावरून कमी झालेलं नाव असं कंसात राहतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि पप्पा चहा पीत होते तिथंच विचारलं की हे कंसात का आहे.

पप्पांनी मोबाइल हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला. आई चुलीपाशी होती, ती एवढंच म्हणाली, "पण तुम्ही तर म्हणत होता आपली हाय." तिचं वाक्य पुरं होण्याआधीच कप तिच्या खांद्यावर फुटला. चहा गरम होता. आई ओरडली नाही, तिनं नळाखाली खांदा धरला. पप्पा उभे राहून म्हणत होते की भावानं दगा केला, बाप मेल्यावर कशाकशावर सह्या घेतल्या, अडाणी समजला मला. मी काच गोळा करत होते आणि मला त्यांचं सगळं खरं वाटत होतं. मलाही काकांचा राग आला होता.

सकाळी ते देवगावला निघाले तेव्हा आईनं मला सोबत पाठवलं. पोरगी जवळ असली की माणूस हात आवरतो, असा तिचा हिशेब. मी मोटारसायकलवर त्यांच्या मागं बसले. शहर ओलांडून छावणीतून जाताना मॅडमचं घर लागलं, त्या अंगणात झाडांना पाणी घालत होत्या. मी हात केला.

काका शेतात होते. अद्रक काढायचं काम चाललं होतं, चार-पाच बाया कुदळीनं गड्डे उकरत होत्या, काका गोण्यांपाशी उभे होते. पप्पांनी गाडी बांधावरच आडवी टाकली आणि शिव्या देतच खाली उतरले. काकांनी आधी माझ्याकडं पाहिलं. मग ते हळू आवाजात पप्पांना म्हणाले, "बाया हायत, पोरगी हाय. घरी चल, बसून बोलू." पप्पांना ते चालून गेलं असतं, असं मला अजून वाटतं. पण काका वळून चालायला लागले, आणि पाठ दाखवलेली पप्पांना कधीच सहन व्हायची नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला फावड्याचा एक सुटा दांडा टेकवलेला होता. तो त्यांनी उचलला.

पहिला फटका खांद्यावर बसला. काका गुडघ्यावर आले, डोकं वाचवायला त्यांनी हात वर केला. दुसरा कोपरावर बसला. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज आला. बाया कुदळी टाकून ओरडायला लागल्या. काकांचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा चुलतभाऊ, पलीकडच्या तुकड्यातून काठी घेऊन पळत आला आणि त्यानं पप्पांच्या पाठीत मारायला सुरुवात केली. पप्पा पडले. तो मारतच राहिला. मी मधे गेले, त्याला धरायला गेले की पप्पांना झाकायला, ते मला सांगता येणार नाही. काठी माझ्या भुवईवर बसली. डाव्या डोळ्यात रक्त आलं आणि दिसेना. हाताला एक दगड लागला. मी तो त्याच्या कानावर मारला.

दोनदा मारला. पहिला घाबरून मारला होता. दुसऱ्या वेळी मी घाबरलेली नव्हते. तो काठी सोडून कान धरून खाली बसला होता, माझ्याकडं बघतही नव्हता, आणि मी पुन्हा मारला.

बायांनी आम्हाला ओढून वेगळं केलं. तेवढ्यात पप्पांनी गाडी उचलली आणि निघून गेले. मला तिथंच ठेवून. काकूंना कुणीतरी घरून बोलावून आणलं होतं. शेजारच्या शेतात एक टेम्पो होता, त्यात काकांना घातलं, चुलतभावाला घातलं, आणि काकूंनी मलाही हाताला धरून वर चढवलं. दुसरी गाडीच नव्हती. शहरातल्या सरकारी दवाखान्यापर्यंत आम्ही चौघं एका टेम्पोत, अद्रकाच्या गोण्यांवर बसून आलो. काका डोळे मिटून कण्हत होते. चुलतभावाच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरत होती. काकू एका हातानं काकांना सावरत होत्या आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा पदर माझ्या भुवईवर दाबून धरला होता. पूर्ण रस्ताभर त्यांनी तो हात काढला नाही.

मला सात टाके पडले. काकांना आत नेलं, तेव्हा काकू बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "पोरी, तुझ्या बापानं सही सोताहून केली. कन्नडला, तालुक्याच्या हापिसात गेलते दोघं भाऊ. आल्यावर मीच चहा टाकला. तुमचं घर बांधायचं होतं, ह्यांनी पैशाचा हात दिला, त्यानं जमीन सोडली. कुणी फसवलं नाय." मला वाटलं, नवऱ्यासाठी खोटं बोलतायत.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी पप्पांना घरून नेलं. काही दिवस ते कोठडीत होते, मग जामिनावर सुटले. कारखान्यानं त्यांना कामावरून थांबवलं. मधल्या दिवसांत घर फार शांत होतं. आई सकाळी उठून खिडक्या उघडायची, रेडिओ लावायची. तिला इतकी निवांत मी कधी पाहिली नव्हती, आणि मला त्याची लाज वाटायची.

त्याच आठवड्यात एका कॉलेजची मुलाखत होती, लॅपटॉपवर, मॅडमच्या घरून. डोळा काळानिळा झाला होता, टाके तसेच दिसत होते. मॅडम म्हणाल्या, पुढं ढकलू. मी नको म्हटलं. समोर त्या कॉलेजात पूर्वी शिकलेल्या एक वयस्कर बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, फार प्रेमळ. त्यांनी आधी चेहऱ्याला काय झालं विचारलं. स्कूटीवरून पडले, असं मी सांगितलं. मग त्यांनी शाळा, पुस्तकं, आवडता विषय असं बरंच विचारलं आणि शेवटी, रविवारी तुम्ही घरचे सगळे मिळून काय करता, असं विचारलं. मी म्हटलं, आम्ही शेतावर जातो. किती छान, असं त्या म्हणाल्या.

अर्जासोबत स्वतःबद्दलचा एक निबंध द्यावा लागतो. माझा लिहून झाला होता, वस्तीतला पाण्याचा पंप पप्पांच्या हाताखाली दुरुस्त करायला मी कशी शिकले त्यावर. मॅडमनी तो बाजूला ठेवला. त्या वाईट बाई नव्हत्या. माझी निवड व्हावी म्हणून त्या माझ्याइतक्याच जिवाचं रान करत होत्या. त्या म्हणाल्या की पंपाचे निबंध कॉलेजांकडं हजार येतील. हिरावून घेतलेली जमीन, भावाभावांतलं रक्त, मधे उभी राहिलेली मुलगी, हे लिही.

मी लिहिलं. एका बैठकीत लिहिलं. त्यात पप्पा साधे कामगार होते, काकांनी त्यांना कागदावर फसवलं होतं, आणि काकांच्या मुलानं त्यांना मरेस्तोवर मारलं होतं. दांड्याचा उल्लेख एका ओळीत होता. दगडाचा नव्हता. मी वाचून दाखवला तेव्हा मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. तो निबंध खरोखरच चांगला झाला होता. माझ्या हातून त्याआधी इतकं चांगलं काही लिहून झालं नव्हतं.

तो पाठवायच्या दोन दिवस आधी पप्पा जामिनावर घरी आले. दुपारी जेवायला बसले. आई तव्यावर पोळी टाकत होती. काकूंचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी त्यांना विचारलं, "पप्पा, कन्नडला जाऊन तुम्ही स्वतः सही केली होती का?"

त्यांनी बसल्या जागेवरून मला मारलं. हात नेमका भुवईवर बसला, टाका उसवला, पुन्हा रक्त आलं. दुसऱ्यांदा त्यांनी हात उचलला, तेव्हा आईनं तव्यावरचं तापलेलं उलथनं उचलून त्यांच्या मनगटावर ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं आणि दाबून धरलं. चामडी भाजल्याचा वास आला. पप्पा ओरडले आणि हात छातीशी धरून भिंतीला टेकले. आई म्हणाली, "पोरीला परत हात लावला तर मी पोलिसात जाईन. तुमच्या भावाच्या जोडीला माझी तक्रार जाईल." तिचा आवाज चढलेला नव्हता. एवढं बोलून तिनं करपत आलेली पोळी उलटली.

मग पप्पा फरशीकडं बघत बोलले. सही त्यांनीच केली होती. घर उभं करायला काकांनी हात दिला, त्याबदल्यात जमीन सोडली. आईला सांगितलं नाही, कारण तिच्या माहेरच्यांना सोयरीक करताना शेती सांगितलेली होती. मग पोरीलाही तेच सांगत राहिले. "चार एकर हायेत म्हणलं की माणूस जरा ताठ चालतो," असं ते म्हणाले. मोबाइलवर ते नाव पाहिलं तेव्हा त्यांना काय वाटलं, हे मी विचारलं नाही. आता वाटतं, ज्याचा खोटेपणा उघडा पडतो तोच सगळ्यात जास्त जोरात मारतो. तेव्हा मला फक्त त्या मनगटावरचा लाल पट्टा दिसत होता, आणि तो बघून बरं वाटत होतं.

मी मॅडमकडं गेले आणि चांगला निबंध काढून टाकला. त्यांना फार वाईट वाटलं. त्या दोनदा म्हणाल्या, अगं, तिकडं कोण तपासायला येणार आहे. पंपाचाच निबंध गेला. फॉर्ममधले चार एकर खोडले. पण पप्पांचा पगार थांबला होता आणि तो का थांबला हे मदत देणाऱ्या कार्यालयाला कळवणं भाग होतं, त्यासाठी वेगळं पत्र लिहावं लागलं. त्यात लिहिलं की जमीन आमची नाही, माझ्या वडिलांनी ती स्वतः सही करून भावाला दिली होती, हे त्यांनी आमच्यापासून लपवलं, आणि मी ते शोधून काढल्यावर त्यांनी त्या भावाचा हात मोडला. म्हणून त्यांच्यावर खटला आहे आणि काम बंद आहे. दगडाचं मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, याचा मदतीशी काय संबंध? मी ते वाक्य काढलं. संबंध नव्हता हे खरं होतं, पण मी ते त्या कारणासाठी काढलं नाही. मला भीती वाटली.

मार्चमध्ये एकामागून एक नकार आले. बहुतेक सकाळी उठल्यावर मोबाइलवर दिसायचे, आणि सगळ्यांची भाषा एकसारखी गोड असायची. मुलाखत घेणाऱ्या त्या प्रेमळ बाईंच्या कॉलेजनंही नाही म्हटलं. एका कॉलेजनं प्रवेश दिला, पण मदत दिली नाही, म्हणजे तोही नकारच. शेवटी उरलेल्या एका लहान कॉलेजचं पत्र आलं, ज्याचं नावही मी आधी ऐकलं नव्हतं, मॅडमनीच यादीत घातलेलं. त्यांनी सगळी मदत दिली होती. आईला मी तीनदा वाचून दाखवलं. ती प्रत्येक वेळी विचारत होती की यात पुढं काही अट आहे का.

मग पासपोर्टसाठी अर्ज केला आणि माझी झोप उडाली. पडताळणीला पोलीस घरी येतात, तुमच्यावर गुन्हा आहे का ते बघतात. ज्याचा कान मी फोडला त्याच्या बापानं तक्रार दिली होती. माझं नाव त्यात असणारच, असं धरून मी रोज दाराकडं बघत बसायचे. हवालदार आला, चहा प्याला, कागद पाहिले, शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारले आणि सगळं ठीक आहे म्हणून गेला. गुन्ह्यात एकट्या पप्पांचं नाव होतं.

मी एसटीनं एकटीच देवगावला गेले. काका ओट्यावर बसले होते, कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं, तांब्या ते डाव्या हातानं उचलत होते. त्यांनी मला बस म्हटलं आणि आत निघून गेले. चुलतभाऊ बाहेर आला. मी बोलायला लागले तेव्हा त्यानं मान वळवून उजवा कान माझ्याकडं केला. डाव्या कानाचा पडदा फाटला होता, त्यातून नुसतं घूं घूं येतं, असं त्यानं सांगितलं. पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यानं बांधावरून पडलो म्हणून सांगितलं होतं. काकूंनी त्याला बजावलं होतं, पोरीचं नाव नको.

मी म्हटलं, "दादा, माझं चुकलं."

तो म्हणाला, "पहिला मारला ते ठीक हाय, मी तुला काठी लई जोरात मारली होती. दुसरा का मारला गं?"

काकूंनी पोहे केले, मी ते खाल्ले आणि पुढच्या गाडीनं परत आले.

जुलैत दोन्ही भावांनी कोर्टात आपसात मिटलं म्हणून लिहून दिलं. ते एकमेकांशी बोलत नाहीत. आईनं एका मेसमध्ये पोळ्या करायचं काम धरलं. पप्पा एका वर्कशॉपमध्ये रोजावर जायला लागले. त्यांनी घरात नंतर हात उचलला नाही, निदान मी असेपर्यंत नाही. ते सुधारले की आईला भ्यायला लागले, हे मला माहीत नाही. फोनवर मी आईला अजून दर आठवड्याला विचारते, आणि ती दर आठवड्याला नाही म्हणते.

ऑगस्टमध्ये मी निघाले. चिकलठाण्याचं विमानतळ घरापासून जवळच, तरी पप्पांनी रिक्षा ठरवली होती. आई पुढं, मी आणि पप्पा मागं, मांडीवर बॅगा. दारापाशी उतरल्यावर आई माझ्यासाठी जागा धरायला रांगेत उभी राहिली, तेव्हा पप्पा खालच्या आवाजात म्हणाले, "तिकडं कुणाला घरचं काय सांगत बसू नको."

मी म्हटलं, "मी आधीच लिहून कळवलंय, पप्पा."

"काय लिहिलं?"

"सही तुम्हीच केली होती ते. काकांचा हात मोडला ते."

त्यांनी शर्टाची बाही खाली ओढली. मनगटावरचा डाग बाहीत दिसत नव्हता. "आणि तरी घेतलं तुला?"

"हो."

"तू काकाच्या पोराला दगड मारला, ते पण लिहिलं का?"

"नाही," मी म्हटलं. "ते नाही लिहिलं."

त्यांनी मान हलवली. रागानं नाही. मग खाली वाकून माझी मोठी बॅग उचलली आणि आई उभी होती त्या रांगेकडं चालायला लागले.